एकाच ट्यूबवर आम्ही दोघी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची खानावळ आहे. पहाटे साडेपाचला शेगडी पेटली की दुपारी अडीच-तीनपर्यंत मी तव्यापुढून हलत नाही. साठ डबे बाहेर जातात, वीस-पंचवीस पोरं बसून जेवतात आणि भाकरी सगळ्यांना गरमच लागते. त्यामुळं चाळिशीच्या आसपास माझे गाल लाल दिसायला लागले, तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मलाही नाही. सासूबाई म्हणायच्या, “तोंडावर तेज आलंय तुझ्या.”

पण तव्यापासून बाजूला झाल्यावरही तास-दोन तास गाल भाजल्यासारखे व्हायचे. गार पाणी मारलं की तेवढ्यापुरतं बरं, मग परत चुणचुण. नुसता साबण लावला तरी आग. माझा रंग सावळा, त्यामुळं लाली डोळ्यांत भरायची नाही. विटकरी, काळपट झाक यायची एवढंच. जोडीला गालांवर वांग, म्हणजे काळसर डाग, उठलेला. आणि वर्षातून तीन-चारदा डोळ्याला रांजणवाडी. डोळ्यांत घालायचे थेंब आणायचे, बरं झालं की विसरायचं. हे सगळं एकाच दुखण्याचं असेल असं कधी मनात आलं नाही.

2021 च्या दिवाळीत भिशीतल्या एकीनं ट्यूबचं नाव सांगितलं. “वहिनी, महिन्यात वांग जातोय बघा.” मेडिकलमध्ये नाव सांगितलं, ट्यूब मिळाली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, किती दिवस लावायची ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दहा दिवसांत चेहरा असा उजळला की नणंदेच्या पोरीच्या लग्नात बायका मला बाजूला घेऊन विचारत होत्या. वांग फिकट झाला आणि गालांची आगही थांबली. आग थांबली याचाच मला जास्त आनंद होता. मी स्वतः चौघींना त्या ट्यूबचं नाव सांगितलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं. त्यातल्या तिघींच्या घरी जाऊन मी नंतर सांगून आले की आधी डॉक्टरांना दाखवा. चौथी गाव सोडून गेली, तिचा नंबर लागत नाही.

अडीच वर्षं मी ती रोज रात्री लावली. एखाद्या रात्री राहून गेली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंड पेटायचं, की परत लावायची. मला वाटायचं, बघा, लावली नाही तर त्रास होतोय, म्हणजे औषध लागू आहे. गालांवर बारीक लालसर रेघा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, नाकाच्या दोन्ही बाजूंना पुटकुळ्या यायला लागल्या. पुटकुळ्या आल्या म्हणून मी ट्यूब दोनदा लावायला लागले.

2024 च्या चैत्र यात्रेत हे सगळं हाताबाहेर गेलं. जोतिबाला येणाऱ्या लोकांच्या जेवणाची ऑर्डर होती, तीन दिवस आम्ही दोन-दोन भट्ट्यांवर होतो, त्यात एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी आरशात बघवेना. गाल सुजलेले, त्यावर पूची टोकं, डोळे लाल. त्याच संध्याकाळी लेक समोर येऊन बसली. अकरावीतली पोर, दोन आठवडे तोंडाला ओढणी गुंडाळून फिरत होती, मी कामाच्या नादात विचारलंच नव्हतं. ओढणी काढली तर कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडं एकसारख्या लाल पुटकुळ्या, मोहरी पेरल्यासारख्या.

“आई, मी पण तुझीच ट्यूब लावतोय. चार महिने झाले.” आमच्या कोल्हापूरच्या पोरींच्या तोंडी ‘लावतोय, जातोय’च असतं. पण त्या दिवशी ती हळू आवाजात बोलली, आणि ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. फोनवरच त्यांच्याकडच्या मुलीनं सांगितलं होतं, तोंडाला लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. पिशवीत निघालं ते असं: ती ट्यूब, लेकीचा खरखरीत स्क्रब, दोन फेसवॉश, सासूबाईंनी करून दिलेला हळद-बेसनाचा डबा, एक ब्लीचचं पाकीट आणि टूथपेस्ट. टूथपेस्ट पिंपलवर लावायला. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सगळं टेबलावर मांडून त्यांनी ट्यूब माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मागं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.”

हायड्रोक्विनोन. ट्रेटिनॉइन. मोमेटासोन.

“हे तिसरं स्टेरॉइड आहे,” त्या म्हणाल्या. “वांगासाठी आम्हीही हे एकत्र देतो. पण मोजके आठवडे, तपासत-तपासत. चेहऱ्याची कातडी पातळ. त्यावर स्टेरॉइड वर्षानुवर्षं गेलं की ती आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या रुंदावतात, लव येते, पुटकुळ्या येतात. आणि सोडलं की आग होते म्हणून माणूस ते सोडत नाही.”

मग त्यांनी तपासलं. एक छोटी काचेची पट्टी माझ्या गालावर दाबली: लाली विरली, पट्टी काढली की परत भरली. लेन्स लावून मोबाइलच्या पडद्यावर मला माझाच गाल दाखवला. तांबड्या दोऱ्यांची जाळी पसरावी तशा बारीक रक्तवाहिन्या. नंतर तीच लेन्स लेकीच्या कपाळावर. तिथं पुटकुळ्यांच्या मध्ये मध्ये कातडीखाली बंद पांढरे दाणे, काहींचं तोंड उघडून काळं पडलेलं. “हे दाणे बघा, यांना कॉमेडोन म्हणतात. तुमच्या गालावर असा एक तरी सापडतोय का?” एकही नव्हता. “हिचा मुरुमांचा आजार आहे, तुमचा रोझेशिया. दोघींवर वरून स्टेरॉइडचा थर बसलाय.”

रोझेशिया हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. पुढचा अर्धा तास त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन खानावळीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून काढलं, म्हणून आज नीट सांगता येतंय.

मुरूम केसाच्या मुळाशी सुरू होतो. तिथं तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळं तेल वाढतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि सूज येते. काळं टोक म्हणजे मळ नव्हे. छिद्राचं तोंड उघडं राहिलं की आतलं हवेनं आणि कातडीतल्या रंगद्रव्यानं काळं दिसतं. लेक ते मळ समजून दिवसातून पाच वेळा स्क्रबनं घासत होती. घासून सूज वाढते, दाणा निघत नाही. हे ऐकताना तिचा चेहरा उतरला. इतके दिवस तिला वर्गात कुणीतरी ‘तोंड धूत जा’ म्हणत होतं, ते तिनं तिथं पहिल्यांदा सांगितलं.

स्टेरॉइड लावलं की सूज दबते, म्हणून तिचे पिंपल पहिले चार दिवस बसले होते. बूच तसंच राहिलं. नंतर स्टेरॉइडचेच नवे पुरळ आले, सगळे एका मापाचे. ते एकसारखे दिसणं हीच त्याची खूण.

रोझेशियात बूच नाही. तिथं चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या आणि नसा चटकन चेततात, कातडीची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त भडकते. डेमोडेक्स नावाचे अगदी सूक्ष्म किडे सगळ्यांच्याच तोंडावर असतात, रोझेशियाच्या कातडीत ते जास्त सापडतात. बहुतेकांना तिशीनंतर सुरू होतो. बायकांमध्ये जास्त दिसतो. नाक जाड, खडबडीत होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सावळ्या कातडीत लाली लपते म्हणून निदान उशिरा होतं. आणि डोळ्यांनाही होतो. मॅडमनी पापण्यांच्या कडा बघितल्या आणि आपणहून विचारलं, “रांजणवाडी वारंवार येते का?” तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं मी चेहरा एकाला, डोळे दुसऱ्याला दाखवत होते.

हा आजार मुळातून जात नाही, आटोक्यात राहतो, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. कशानं भडकतो? ऊन, उष्णता, गरम चहा, तिखट, दारू, राग, धावपळ. दारू सोडली तर बाकी यादी म्हणजे माझा रोजचा दिवस होता. मी म्हटलं, “मॅडम, मी कोल्हापुरात खानावळ चालवतो. तांबडा रस्सा ढवळतो रोज.” त्यांनी तिखटाचं कारण समजावलं: शरीरात उष्णता ओळखणारा जो संवेदक आहे, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननंही जागा होतो. त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे तिखट खाल्ल्यावर तोंड ‘पोळतं’ असं आपण म्हणतो ते शरीराच्या हिशेबानं खरंच आहे. मिरचीच्या गावात राहून हे मला चाळिशीनंतर कळलं, आणि मला ते फार आवडलं.

आता त्या मे महिन्याबद्दल, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. मॅडमनी सांगितलं होतं, ट्यूब सुटेल तेव्हा चेहरा आधी बिघडेल, मग सुधारेल. मला आधी काही दिवस सौम्य स्टेरॉइड देऊन ते कमी करत बंद केलं, लेकीचं लगेच थांबवलं, कारण तिला चारच महिने झाले होते. दोघींना रात्री टॅक्रोलिमसचं मलम होतं. ते स्टेरॉइड नव्हे, पण स्वतःच पहिला आठवडाभर झोंबतं.

सौम्य मलम थांबल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालं. चेहरा सुजून डोळे बारीक झाले. कातडी सोलून निघत होती, त्यावर पाणीदार पुटकुळ्या. रात्री उशीला गाल टेकवत नव्हता. गार पाण्यात पिळलेलं धडपं तोंडावर ठेवून मी पंख्याखाली बसून रात्र काढायची. ह्यांनी तीन आठवडे भाकरीसाठी बाई लावली आणि स्वतः डबे भरले. त्या दिवसांत गल्ल्यावर बसले तरी लोक विचारायचे, “मावशी, भाजलं का काय?” एका रात्री मी कपाट उघडून जुनी ट्यूब शोधली. अर्धी शिल्लक होती, मीच ठेवली होती. लेक जागी झाली. तिचंही तोंड तसंच पेटलेलं. ती काही बोलली नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहिली. मी ट्यूब तिच्या हातात दिली, तिनं ती कात्रीनं कापून संडासात पिळली. मी एकटी असते तर त्या रात्री परत लावली असती, याची मला खात्री आहे.

लेकीचं पाच आठवड्यांत निवळलं. माझं जुलै उजाडला तेव्हा. पंचगंगेचं पाणी चढलेलं, हवा गार, तेव्हा एका सकाळी तोंड धुतलं आणि आग झाली नाही. मी परत एकदा पाणी मारून बघितलं.

माझे उपचार तसे साधे होते. डॉक्सिसायक्लिनची गोळी, जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. दुधाबरोबर नाही, ह्यांची गंगावेशच्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणायची सवय जुनी, त्यामुळं ते पथ्य मला मुद्दाम वेळ बदलून पाळावं लागलं. गोळीनं ऊन जास्त लागतं, म्हणून सनस्क्रीन, झिंक ऑक्साइडची, दोन बोटं भरून. सकाळी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचं जेल, सुरुवातीला खाजायचं, मग सवय झाली. रात्री आयव्हरमेक्टिनची क्रीम. पापण्यांना रोज रात्री कोमट पाण्याच्या पट्ट्या आणि कडा हलक्या हातानं पुसणं. बिनवासाचा सौम्य फेसवॉश. बाकी पिशवीतलं सगळं बाद. हळद-बेसन बंद केल्याचं सासूबाईंना लागलं. त्यांनी ते मायेनं केलं होतं. मी त्यांना लेन्समधला फोटो दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पापण्यांसाठी पाणी कोमट करून ठेवायला लागल्या.

खरा प्रश्न चुलीचा होता. धंदा सोडता येत नाही. मॅडमनी चार आठवडे नोंद ठेवायला सांगितली: काय खाल्लं, कुठं उभी होते, किती वाजता आग झाली. हिशेबाच्या वहीतच लिहिलं. त्यात दिसलं की भाकरीच्या तव्यापुढं वीस मिनिटांच्या वर उभं राहिलं की हमखास आग. रश्श्याच्या पातेल्यावर वाकून वाफ घेतली तर पाच मिनिटांत. खाण्यात तिखटापेक्षा गरमपणा मला जास्त बाधत होता. तोच रस्सा कोमट करून खाल्ला तर थोडं तापायचं, उकळता चहा घेतला तर अर्धा तास जळायचं. दुसऱ्याचं वेगळं असेल. म्हणूनच वही महत्त्वाची, कुणाच्या यादीवर जाऊन अन्न तोडू नये.

मग आम्ही भिंत फोडून तव्याच्या वर एक्झॉस्ट बसवला. पंधरा मिनिटं मी, पंधरा मिनिटं जाऊबाई, मधल्या वेळात मी कणीक आणि चिरणं घेते. मानेवर ओला पंचा, तोंडात बर्फाचा खडा. पातेली उंचावर होती ती खाली घेतली, लांब दांड्याचा डाव आणला, म्हणजे वाफेवर वाकावं लागत नाही. जाऊबाई म्हणतात त्यांनाही बरं वाटतंय, एवढी वर्षं आपण उगाच भाजून घेत होतो.

लेकीची वाट वेगळी होती. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर राठ केस आहेत का, हे मॅडमनी नीट विचारलं, कारण तसं असेल तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून होणाऱ्या अंडाशयाच्या आजाराची, तपासणी करावी लागते. तिला तसं काही नव्हतं. रात्री अ‍ॅडापलीन, वाटाण्याच्या दाण्याएवढं, पुटकुळीवर न टेकवता सगळ्या तोंडाला, कारण औषध पुढच्या दाण्यांना अडवण्यासाठी असतं. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. त्यानं कपड्यांचा रंग उडतो हे सांगितलं होतं, तरी दोन टॉवेल आणि कॉलेजच्या एका निळ्या ड्रेसची कॉलर पांढरी झाली. पहिल्या महिन्यात पिंपल थोडे वाढले, ती खचली. नुसती अँटिबायोटिकची क्रीम द्या म्हणून मीच मागत होते. मॅडम म्हणाल्या, एकटी दिली तर जिवाणू तिला जुमानेनासे होतात. यानं भागलं नाही तर आयसोट्रेटिनॉइनची गोळी आहे, पण ती रक्त तपासून, आणि गर्भावस्थेत तिच्यानं बाळाला व्यंग येतं म्हणून फार जपून द्यायची असते. तिच्यापर्यंत जावं लागलं नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कपाळ मोकळं झालं. काळे डाग राहिलेत. ते खड्डे नाहीत, वर्षभरात फिकटतील असं सांगितलंय, आणि फिकटतायत.

घरी दोघींच्या ट्यूब एकाच फळीवर असतात, म्हणून लेकीनं मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘आई’, ‘मी’. तिचं औषध माझ्या गालावर गेलं तर जाळ होईल आणि माझं तिला पुरणार नाही.

नंतर मी वाचत गेले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशातल्या एका पाहणीत, चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या 2,926 पेशंटपैकी 433 जण असल्या स्टेरॉइडच्या क्रीम लावत होते. 2018 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशा 14 औषधांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, शेड्यूल एचमध्ये घातली. मी ट्यूब घेतली ती त्यानंतर साडेतीन वर्षांनी. माझ्याकडं कुणी चिठ्ठी मागितली असती तर मी कदाचित 2021 लाच डॉक्टरांकडं गेले असते. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

खानावळीत तालमीची आणि जिमची पोरं जेवायला येतात. त्यातल्या एकाच्या मानेवर, पाठीवर एकदम मोठे मोठे मुरूम आले, शर्टाला रक्त लागायचं. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर जिममध्ये कुणीतरी इंजेक्शन देत होतं. शरीर फुगवायच्या स्टेरॉइडनं असे मुरूम येतात हे मला तोवर माहीत झालं होतं. त्याला सीपीआरच्या, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीला जा म्हटलं. पहिल्यांदा नाही गेला. त्याच्या आईचा नंबर घेतला, मग गेला.

माझी डॉक्सिसायक्लिन केव्हाच बंद झाली. अ‍ॅझेलिक आणि सनस्क्रीन रोज, आयव्हरमेक्टिन आता आठवड्यातून दोनदा. वांग थोडा परत आलाय. त्याला सध्या हात लावायचा नाही असं मॅडमचं म्हणणं आहे, आणि मला ते पटलंय. गालावरच्या रेघा आहेत तशा आहेत, त्यांना लेसर लागतं, त्याचे पैसे बाजूला टाकतोय. गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्याला परत रांजणवाडी आली. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचंय, या वेळी त्वचेची फाइल बरोबर घेऊन.